घरच्या घरी ‘डॅक’ : आकड्यांतून सूर काढताना

चंद्रपूर, खास प्रतिनिधी

दिवाळी सरली, धान कापून झाले की वैनगंगेच्या खोऱ्यात नाटकांचे दिवस सुरू होतात. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतील गावोगावी फिरू लागतात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत नाटक चालते. झाडीपट्टीच्या या रंगभूमीची दखल आता देशपातळीवरही घेतली जाते. ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये ‘पद्मश्री’ जाहीर झाली. पण मंचाजवळ बसलेल्या वादकांकडे नीट पाहिले, की एक बदल नजरेत भरतो. तबला आहे, मात्र त्याच्या शेजारी ऑक्टोपॅड आहे. पेटीच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक ऑर्गन आहे.

ऑक्टोपॅडच्या आवाजामागे ना ताणलेले चामडे असते, ना झांज. त्याच्या पोटात असतात ते केवळ आकडे. काठी पडली की हे आकडे ओळीने बाहेर पडतात आणि भोंग्यापर्यंत पोहोचण्याआधी कुठेतरी त्यांचे विजेच्या चढउतारात रूपांतर होते. हे रूपांतर करणाऱ्या सर्किटला ‘डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर’ म्हणतात. छंदिष्टांच्या तोंडी त्याचे झाले आहे ‘डॅक’.

हा डॅक आपल्या घरातही असतो, आणि तोही एखादाच नव्हे. मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप, ब्लूटूथ स्पीकर, एवढेच काय, ज्या मोबाइलला इअरफोनचे गोल छिद्र उरलेले नाही त्याच्यासाठी घेतलेली बोटभर लांबीची वायरसुद्धा बहुधा पोटात डॅक बाळगून असते. मग तो पुन्हा घरी बनवण्याचा खटाटोप कशासाठी? प्रस्तुत प्रतिनिधीने गेल्या पावसाळ्यात हा खटाटोप करून पाहिला. निमित्त होते एका जुन्या कॅसेटचे. तीत गावात रात्रभर चाललेल्या एका दंडारीचे ध्वनिमुद्रण होते. कॅसेट संगणकावर उतरवून घेतली होती, पण ऐकताना गाण्याच्या मागे सतत एक ‘हूँ’ असा घुमारा येत असे. तो कॅसेटमध्ये आहे की ऐकवणाऱ्या यंत्रात, हे कळायला मार्ग नव्हता. बाजारातले महागडे यंत्र घेऊनही ते कळलेच असते असे नाही, याचे कारण पुढे येईलच.

शेर, अच्छेर, पावशेर

डॅकचे काम समजून घेण्यासाठी संगणकशास्त्राची गरज नाही. जुन्या वाण्याच्या दुकानातली वजने आठवली तरी पुरे. शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक. प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मे. ही पाच वजने एकेक घेतली तर एका छटाकापासून एकतीस छटाकांपर्यंतचे कोणतेही माप तोलता येते. प्रत्येक वजनाबाबत प्रश्न एकच, पारड्यात ठेवायचे की नाही. ‘हो’ म्हणजे १, ‘नाही’ म्हणजे ०. संगणकाची द्विमान पद्धत म्हणतात ती हीच. आपल्या आजीला ती तोंडपाठ होती.

कॉम्पॅक्ट डिस्कच्या मापात अशी सोळा वजने आहेत. सोळा बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. दर सेकंदाला प्रत्येक बाजूसाठी ४४,१०० वेळा ही तोलणी होते. ४४,१०० हा विचित्र आकडा कुठून आला, याची कथा मोठी गमतीची आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस एवढी डिजिटल माहिती साठवायला सोयीचे साधन होते ते व्हिडिओ टेपचे. त्या काळ्या-पांढऱ्या चित्राच्या प्रत्येक रेषेवर ध्वनीची तीन मापे बसवत. अमेरिकी-जपानी पद्धतीत सेकंदाला ६० चित्रखंड आणि वापरता येण्याजोग्या २४५ रेषा. युरोपी पद्धतीत ५० चित्रखंड आणि २९४ रेषा. दोन्हींचा गुणाकार तीनपट केला की ४४,१०० येतो. दोन्ही पद्धतींना चालणारा म्हणून तो आकडा टिकला आणि १९८२ मध्ये सीडी बाजारात आली ती त्यालाच घेऊन. कानाची मर्यादा वीस हजार कंपनांची, आणि ज्या वारंवारतेपर्यंतचा ध्वनी जपायचा तिच्या दुपटीहून अधिक वेळा माप घ्यावे लागते, ही अटही तो पुरी करतो.

आता ही वजने विजेत कशी घडवायची? त्यासाठीची सर्वांत जुनी आणि सोपी रचना म्हणजे रेझिस्टरची शिडी. शिडीच्या प्रत्येक पायरीवर व्होल्टेज निम्मे होत जाते आणि त्यासाठी दोनच किमतींचे रेझिस्टर लागतात, एक दुसऱ्याच्या दुप्पट. दहा किलोओहमचे पंचवीस रेझिस्टर आणले आणि दुप्पट किंमत हवी तिथे दोन एकापाठोपाठ जोडले, की आठ बिटांची पूर्ण शिडी तयार होते. अर्डुइनोसारख्या शिकाऊ बोर्डाच्या आठ पिना तिला जोडायच्या. सोल्डरिंगही नको, टोचून जोडण्याच्या पाटीवर तासाभरात काम होते. आवाज जुन्या रेडिओसारखा खरखरीत येतो, पण येतो. आपण हाताने लावलेल्या रेझिस्टरांतून आकड्यांचे गाणे होताना ऐकणे, हा अनुभव ज्याचा त्याने घ्यावा असाच आहे. डॅक बनवू पाहणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी, असे या प्रतिनिधीचे ठाम मत आहे. तयार चिपने सुरुवात केली तर आवाज चांगला मिळतो, पण आत काय घडते ते कळत नाही.

मग आठच्या जागी सोळा पायऱ्या केल्या की सीडीचा दर्जा मिळेल? इथेच मेख आहे. समजा, वाण्याचे शेराचे वजन दोन छटाकांनी हलके आहे. अच्छेर, पावशेर, अदपाव आणि छटाक मिळून पंधरा छटाक भरतात. ग्राहकाने एक छटाक वाढवून सोळा मागितले, की वाणी ती चारही वजने काढून एकटा शेर ठेवतो. माल मात्र भरतो चौदा छटाक. मागणी वाढली आणि माल घटला. डॅकमध्ये नेमके हेच होते. सर्वांत मोठ्या बिटाची चूक ही सर्वांत लहान बिटाहून लहानच असावी लागते. सोळा बिटांसाठी याचा अर्थ पासष्ट हजारांत एक, म्हणजे सुमारे ०.००१५ टक्का इतकी अचूकता. दुकानात सहज मिळणारे रेझिस्टर एक टक्का अचूकतेचे असतात. त्यांच्यावर सहा-सात बिटांपुढे विश्वास ठेवता येत नाही. शिवाय ही चूक सर्वांत जास्त बोचते ती हळू आवाजात, कारण ध्वनीची लाट शून्याच्या आसपास असताना मोठे बिट सारखे चालू-बंद होत असते. नाटकातला हुंदका फाटतो, आरोळी तशी फाटत नाही.

फिलिप्स कंपनीच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकात यावर चतुर उपाय शोधला होता. वजने अचूक घडवण्याऐवजी त्यांची आपसांत सतत अदलाबदल करायची, म्हणजे चुका सरासरीत मिटतात. त्या पद्धतीच्या टीडीए १५४१ या चिपवर जीव टाकणारे छंदिष्ट आजही जगभर आहेत आणि जुन्या सीडी प्लेअरमधून ती काढून नवे डॅक बनवतात.

आजचे बहुतेक डॅक मात्र वजनांच्या वाटेला फारसे जातच नाहीत. बल्ब अतिशय वेगाने चालू-बंद केला तर डोळ्याला तो मंद जळताना दिसतो. किती वेळ चालू आणि किती वेळ बंद, यावर उजेड ठरतो. हेच तत्त्व ध्वनीला लावले आहे. पायऱ्या मोजक्याच ठेवायच्या, पण सेकंदाला लाखो वेळा बदलायच्या आणि प्रत्येक वेळची चूक पुढच्या हिशेबात धरायची. अशाने चूक नाहीशी होत नाही, ती कानाच्या मर्यादेपलीकडे ढकलली जाते आणि तिथे साधा फिल्टर तिला अडवतो. ‘डेल्टा-सिग्मा’ नावाने ओळखली जाणारी ही कल्पना टोकियो विद्यापीठातील इनोसे आणि यासुदा यांनी १९६२ मध्ये मांडली. अचूक रेझिस्टर घडवणे अवघड, वेगवान घड्याळ घडवणे सोपे. म्हणून चिप स्वस्त झाल्या.

त्या इतक्या स्वस्त आणि सार्वत्रिक झाल्या, की त्यांच्यावर जगाचा किती भार आहे हे एका आगीने दाखवून दिले. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथील ‘एकेएम’ कंपनीचा चिप कारखाना जळाला. आग विझायला काही दिवस लागले आणि त्यानंतर कित्येक महिने जगभरातल्या ऑडिओ कंपन्यांना आपल्या यंत्रांचे आराखडे दुसऱ्या चिपसाठी बदलावे लागले.

तीन तारांची जोडणी

प्रत्यक्ष घरी बनवण्यासाठी पीसीएम ५१०२ ए या चिपचे तयार छोटे बोर्ड सोयीचे आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील पासोड्या विठोबाचा परिसर इथे जाणे शक्य नसलेल्या चंद्रपूरकरालाही ते काहीशे रुपयांत घरपोच मिळते. चिप स्वतः टाचणीच्या डोक्याएवढ्या अंतरांत वीस पाय असलेली, त्यामुळे ती हाताने सोल्डर करण्याचा अट्टहास पहिल्या खेपेस करू नये.

रास्पबेरी पायसारख्या चिमुकल्या संगणकातून या बोर्डाकडे तीनच तारा जातात. एकीवरून आकडे येतात, दुसरी प्रत्येक बिटाचा ठोका देते, तिसरी आता डावी बाजू की उजवी ते सांगते. चौथी, मुख्य घड्याळाची पिन या चिपला लागत नाही. ती जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडून टाकायची. हे एक काम राहून गेले की बोर्ड मुके राहते किंवा करकरते आणि नवखा माणूस चिप जळाली असे समजून दुसरी मागवतो. (या प्रतिनिधीकडे आता दोन आहेत.) तारा बोटभरापेक्षा लांब ठेवू नयेत. थेट लॅपटॉपला जोडायचे असेल तर मध्ये यूएसबीचे आकडे या तीन तारांत वाटून देणारे आणखी एक बोर्ड लागते.

घड्याळाच्या ठोक्यांतील कंपाबद्दल, ज्याला जिटर म्हणतात, छंदिष्टांमध्ये फार भीती पसरलेली असते. हिशेब करून पाहिला तर दहा हजार कंपनांच्या तीव्र स्वरात सोळा बिटांची अचूकता राखण्यासाठी ठोका नॅनोसेकंदाच्या सुमारे पाव भागापेक्षा अधिक चुकता कामा नये. ऐकायला हे भयंकर वाटते, पण साधा स्फटिक घड्याळ हे सहज करतो. तिकडे फार लक्ष देऊ नये. लक्ष द्यायचे ते विजेकडे.

वीज पिकवणाऱ्या जिल्ह्यात

डॅक शेवटी करतो काय? त्याला मिळणाऱ्या स्थिर व्होल्टेजचा आकड्यांनी सांगितलेला हिस्सा पुढे देतो. ते मूळ व्होल्टेजच थरथरत असेल तर ती थरथर गाण्यात उतरू शकते. आणि माप किती बारीक आहे पाहा : बाहेर पडणारा ध्वनी दोन व्होल्टचा धरला तर सोळा बिटांतली एक पायरी सुमारे ८६ मायक्रोव्होल्टची, म्हणजे एका व्होल्टच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान. चोवीस बिटांची जाहिरात करणाऱ्या यंत्रांची पायरी तर मायक्रोव्होल्टच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. रेझिस्टरमधल्या उष्णतेचा गोंगाटच त्याहून मोठा असतो. म्हणून उत्तमातला उत्तम डॅकही प्रत्यक्षात वीस-एकवीस बिटांपुढे जात नाही.

भिंतीतली वीज उलटसुलट वाहते, सेकंदाला पन्नास आवर्तने. डॅकला हवी एकाच दिशेची, सरळ वीज. हे रूपांतर चंद्रपूरला नवे नाही. दुर्गापूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे आणि १९९९ पासून चंद्रपूरजवळून मुंबईलगतच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची सरळ विजेची वाहिनी जाते, ५०० किलोव्होल्ट दाबाची. भद्रावतीलाही पश्चिम आणि दक्षिण विभागांच्या विजेची सांगड घालणारे असेच रूपांतर केंद्र आहे. तिथे डोंगराएवढ्या यंत्रांनी जे होते तेच आपल्या मोबाइलच्या चार्जरमध्ये काडेपेटीएवढ्या जागेत होते. दोन्हीकडची अडचणही एकच. उलटसुलट वीज सरळ केली तरी तिच्यावर लाटांची खूण राहते. घरगुती साध्या रेक्टिफायरमध्ये ती सेकंदाला शंभर वेळा उमटते. ती पुसण्यासाठी वाहिनीवर अजस्र वेटोळी आणि फिल्टर बसवलेले असतात; आपल्या डॅकवर कपॅसिटर आणि दाब स्थिर ठेवणारी रेग्युलेटर चिप. चांगल्या रेग्युलेटरचा स्वतःचा गोंगाट मायक्रोव्होल्टपेक्षाही कमी असतो. चिपवर पैसे खर्च करण्यापेक्षा इथे करावेत.

शंभर आणि पन्नास हा फरक कानाने ओळखता आला तर अर्धी दुरुस्ती तिथेच झाली असे समजावे. पन्नासचा घुमारा हा खालच्या सप्तकातला ‘सा’ मानला, तर शंभरचा म्हणजे बरोबर त्याच्या वरच्या सप्तकातला ‘सा’. तो अधिक करकरीत, भुंग्यासारखा असतो. भुंगा असेल तर रेक्टिफायरनंतरचा कपॅसिटर अपुरा पडतो आहे किंवा सुकला आहे. खोल घुमारा असेल तर दोष बहुधा विजेच्या पुरवठ्यात नसून अर्थिंगमध्ये.

प्रस्तुत प्रतिनिधीचा डॅक तयार झाला तो खोल घुमाऱ्यासह. चार रात्री चिप, तारा, डबा बदलण्यात गेल्या. पाचव्या रात्री लोडशेडिंग झाले, लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर दोन्ही बॅटरीवर आले आणि घुमारा जवळजवळ नाहीसा झाला. चार्जरच्या आत विजेचा मुख्य भाग आणि बाहेर येणारी तार यांच्यामध्ये लहान कपॅसिटर असतात. त्यांतून झिरपणारा बारीक प्रवाह जमिनीत जावा अशी योजना असते. भिंतीतल्या तिसऱ्या छिद्रामागे अर्थिंगच नसेल तर तो प्रवाह वाट शोधत राहतो. लॅपटॉपच्या धातूवर बोट फिरवताना जाणवणारी झिणझिण ती हीच. ॲम्प्लिफायरला जोडलेल्या तारेचे बाहेरचे कवच ही त्याला आयतीच वाट मिळते. भाड्याच्या त्या घरात तिसरे छिद्र होते, मागे तार नव्हती.

इथे एक इशारा आवश्यक आहे. घुमारा घालवण्यासाठी प्लगची जाड पिन कापून टाकण्याचा उपाय अनेक जण सुचवतात. तो करू नये. ती पिन जिवासाठी आहे, गाण्यासाठी नव्हे. योग्य मार्ग म्हणजे इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेणे, सर्व यंत्रे एकाच बोर्डावरून चालवणे आणि तरीही आवाज राहिला तर दोन यंत्रांमध्ये ध्वनीचा छोटा ट्रान्सफॉर्मर घालणे. नवख्याने २३० व्होल्टच्या बाजूला हातच लावू नये. पाच व्होल्टचा तयार अडॅप्टर किंवा पॉवर बँक पुरते. पॉवर बँकेवर डॅक चालवला आणि आवाज स्वच्छ झाला, तर दोष पुरवठ्यात होता हे दोन मिनिटांत सिद्ध होते. साध्या चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर मात्र ही परीक्षा घेऊ नये, तिथे भुंगा हमखास येतो.

उरला हवामानाचा प्रश्न. इकडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्म्यावर येते. त्यामुळे ८५ ऐवजी १०५ अंशांचा शिक्का असलेले कपॅसिटर घ्यावेत, किंमत किंचितच जास्त असते. डब्याला भोके ठेवावीत, पण मुंग्या शिरणार नाहीत इतकी बारीक.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. घरी बनवलेला डॅक बाजारातल्यापेक्षा चांगला वाजतो का? ज्याने चार रात्री जागून तो बनवला त्याला हा प्रश्न विचारू नये. दोन यंत्रांच्या आवाजाची पातळी अगदी सारखी केली नाही, तर जे किंचित मोठे वाजते तेच कानाला सरस वाटते. तोलून, न पाहता तुलना केली तर काहीशे रुपयांचे बोर्ड आणि लाखाचे यंत्र यांतला फरक सांगणे बहुतेकांना जड जाईल. पैसे असतील तर ते स्पीकरवर खर्च करावेत.

घरी बनवण्याचा खरा लाभ वेगळा. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क अनेकदा तुटला आहे. अशा ठिकाणी बिघडलेले यंत्र कंपनीच्या केंद्रात पाठवणे म्हणजे ते महिनाभर विसरणे. ऐन हंगामात बिछायत केंद्राचा पोरगा किंवा नाटकाचा ऑर्गनवादक एवढे ओळखू शकला, की हा शंभरचा भुंगा आहे, कपॅसिटर बदलला की झाले, तर त्या रात्रीचा प्रयोग वाचतो. असा कान आणि हात एका डॅकच्या जोडणीत तयार होतो.

त्या कॅसेटचे काय झाले, तेही सांगायला हवे. अर्थिंग दुरुस्त झाल्यावर दंडारीचे ध्वनिमुद्रण पुन्हा लावले. घुमारा पुष्कळ कमी झाला होता, पण संपला नव्हता. नीट ऐकल्यावर लक्षात आले की उरलेला घुमारा स्थिर नाही. मध्येच तो किंचित खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. टेप हळू-जलद फिरत असती तर गाणाऱ्यांचा सूरही त्याच्याबरोबर ढळला असता. तो ढळत नव्हता. महावितरणची वीज अशी डोलत नाही. डोलते ते जनरेटरचे इंजिन, भार वाढला की क्षणभर दबणारे. प्रत्येक वेळी घुमारा उतरतो आणि पाठोपाठ पुढचा प्रवेश सुरू होतो. मंचावरचे मोठे दिवे लावले जात होते.